उंबरठ्याबाहेर लोटलेलें कर्तव्य

नागपुराच्या दक्षिणेस बेसा म्हणून जें एक खेडें होतें, तें आतां खेडें राहिलेलें नाहीं आणि पुरतें शहरही झालेलें नाहीं. शेतें होतीं तेथें सदनिकांचे मजले चढले. ग्रामपंचायत जाऊन बेसा-पिपळा नगरपंचायत आली. पण घरांतून रोज निघणाऱ्या केरकचऱ्याविषयींची आमची समजूत मात्र ना खेड्याची राहिली, ना शहराची झाली. खेड्यांतील घराला परसूं होतें, परसाच्या कडेला उकिरडा होता, आणि उकिरड्याला वावराची वाट ठाऊक होती. भाजीचे देठ, चुलीची राख, गोठ्यांतील शेण हें सारें पावसाळ्यापूर्वीं बंडींत भरून शेतांत जात असे. आज चौथ्या मजल्यावरील गृहस्थाजवळ परसूं नाहीं, उकिरडा नाहीं, वावर नाहीं. आहे तो एक डबा. त्या एका डब्यांत सकाळची चहापत्ती, मुलाचा डायपर, दुधाची पिशवी, फुटलेला दिवा आणि मुदत संपलेल्या गोळ्या हें सारें एकत्र कोंबून तो उंबरठ्याबाहेर ठेवितो आणि आपलें काम संपलें असें समजतो. आमचें म्हणणें असें कीं, त्याचें काम संपलेलें नाहीं. त्यानें तें अद्यापि आरंभिलेंच नाहीं.

लोकांस समजत नाहीं, शिक्षण द्यावयास पाहिजे, असें कारण यावर नेहमीं सांगण्यांत येतें. तें आम्हांस मान्य नाहीं. वर्तमानपत्रांची रद्दी कोणताही गृहस्थ भाजीच्या देठांत टाकीत नाहीं. ती घडी घालून, सुतळीनें बांधून, कबाडीवाला येईपर्यंत कोरड्या जागीं जपून ठेवितो, आणि तो आला म्हणजे त्याच्या तराजूवर डोळा ठेवून उभा राहतो. पितळ निराळें, लोखंड निराळें, पुठ्ठा निराळा, हें ज्ञान घरोघर आहे. बोहारणीला जुनें लुगडें देतांना त्याचा काठ जरीचा कीं साधा हें पाहून पातेल्याचा सौदा करणारी गृहिणी कचऱ्याचे चार भाग करण्यास असमर्थ आहे, असें म्हणणें हा तिच्या बुद्धीचा अपमान होय. आणि हें काम तिचेंच असें समजून वर्तमानपत्र उघडून बसणाऱ्या यजमानाच्या हातांसही कांहीं अपंगत्व आलेलें नाहीं. निवड करणें आम्हांस येतें. मात्र ज्यांत चार पैसे सुटतात त्याचीच निवड आम्ही करितों. ज्यांत आपणांस कांहीं मिळत नाहीं, पण न केल्यास दुसऱ्यास भोगावें लागतें, तेथें आमचे हात आंखडतात. तेव्हां हा प्रश्न अज्ञानाचा नसून दानतीचा आहे.

दुसऱ्यास काय भोगावें लागतें तें पाहण्यास दूर जावयास नको. नागपूर शहरांतून दररोज हजार टनांहून अधिक कचरा निघतो, आणि पूर्वेकडील भांडेवाडीस त्याचे डोंगर उभे राहिले. कित्येक उन्हाळ्यांत त्या डोंगरांस आगी लागल्या व धुराचे लोट भोवतालच्या वस्त्यांत शिरले. कोणी तरी काडी टाकली असेल असें म्हणून आम्ही मोकळे होतों. काडी टाकणारा कोणी असो वा नसो, सरण रचणारे आम्हीच आहों. ओला पदार्थ हवेवांचून दडपून ठेविला म्हणजे कुजतांना मिथेन नांवाचा ज्वालाग्राही वायु सोडतो. त्याच्याच वर कागद, चिंध्या आणि प्लॅस्टिक यांचें इंधन पसरलेलें असतें. आणि त्यावर नागपूरचें वैशाखांतील ऊन. पावसाळ्यांत हाच ढीग काळें पाणी गाळूं लागतो व बॅटऱ्यांतील, रंगांतील विष घेऊन तें जमिनींत उतरतें. गंमत अशी कीं, यांतील एकही पदार्थ एकटा असतां एवढा उपद्रवी नाहीं. ओला कचरा निराळा ठेवून त्यांत हवा खेळविली तर त्याचें खत होतें. बंद टाकींत कुजविला तर तोच वायु नळीनें काढून चुलीस लावितां येतो. कोरडा कागद कारखान्यांत जाऊन पुन्हां कागद होतो. कांच कितीही वेळां वितळवून पुन्हां कांच होते. विष आहे तें मिश्रणांत, आणि तें मिश्रण भांडेवाडींत होत नाहीं, आमच्या स्वयंपाकघरांत होतें. भांडेवाडी ही केवळ आमच्या डब्यांची बेरीज आहे.

परंतु धूर आणि पाणी यांहूनही एक मोठी गोष्ट आहे, आणि तिच्याविषयीं बोलण्यास आमच्यांतील सुशिक्षितही कचरतात. आम्ही एकत्र केलेलें कोणी तरी निराळें करितोच. ज्या पिशवींत उष्टें अन्न आणि सॅनिटरी पॅड एकत्र गेलें, तींतून दुधाची पिशवी व पाण्याची बाटली वेंचून काढणारा हात यंत्राचा नसतो. तो कोणाचा असतो? त्या हाताची जात कोणती, हें विचारण्याचीही गरज पडत नाहीं, इतकें तें ठरलेलें आहे. राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. २०१३ च्या कायद्यानें मानवी विष्ठा हातानें साफ करण्यास माणूस लावणें हा गुन्हा ठरविला. मुलाचा भरलेला डायपर कांद्याच्या सालांत गुंडाळून देणारा गृहस्थ त्या कायद्याच्या अक्षराबाहेर राहील कदाचित्. त्याच्या हेतूच्या बाहेर तो खचित राहूं शकत नाहीं. वऱ्हाडच्या गाडगेबाबांनीं गांवांत पाऊल ठेवतांच आधीं झाडू हातीं घेतला आणि कीर्तन मागाहून केलें. स्वातंत्र्याच्या सुमारास विनोबा पवनाराहून खांद्यावर फावडें टाकून सुरगांवचे रस्ते साफ करावयास जात. या दोघांच्या तसबिरी आमच्या भिंतींवर आहेत; त्यांचें काम मात्र आम्ही पुन्हां त्याच लोकांच्या माथीं मारिलें, ज्यांच्या माथ्यावरून तें उतरविण्यासाठीं हे दोघे झिजले. पुण्यांत १९९३ सालीं कागद, कांच, पत्रा वेंचणाऱ्या कष्टकऱ्यांनीं आपली पंचायत स्थापिली, आणि पुढें स्वतःची सहकारी संस्था काढून घरोघरचा कचरा उचलण्याचें काम महानगरपालिकेकडून हक्कानें मिळविलें. त्यांनीं आपला मान आपण मिळविला. निवडलेला कचरा त्यांच्या हातीं देणें हें आमच्याकडील देणें आहे.

आतां कायद्याकडे वळूं. १९९६ सालीं अल्मित्रा पटेल यांनीं सर्वोच्च न्यायालयांत केलेल्या अर्जामुळें शहरांच्या कचऱ्याचा प्रश्न न्यायासनापुढें आला आणि २००० सालीं केंद्र सरकारनें नियम केले. त्यांचा रोख मुख्यतः नगरपालिकांकडे होता. २०१६ च्या नियमांनीं हें कर्तव्य गृहस्थाच्या दारांत आणून ठेविलें. ज्यानें कचरा केला त्यानेंच ओला, सुका व घातक असे भाग करावे. डायपर व सॅनिटरी पॅड गुंडाळून निराळे द्यावे. रस्त्यांत किंवा नाल्यांत कांहीं टाकूं नये व उघड्यावर जाळूं नये, असें त्यांत स्पष्ट आहे. म्हणजे निवड ही कोणावर केलेली मेहेरबानी नसून २०१६ पासूनचें कायदेशीर बंधन आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाहीं. “आम्ही निराळें करून देतों, पण गाडीवाला सारें एकाच ठिकाणीं ओततो, मग आमच्या श्रमाचें फळ काय?” जेथें असें घडतें तेथें दोष नगरपंचायतीचा व तिच्या कंत्राटदाराचा आहे, आणि तो आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. रतलामच्या एका वस्तीनें घाणीविरुद्ध केलेल्या फिर्यादींत तेथील नगरपालिकेनें ‘पैसा नाहीं’ ही सबब सांगितली असतां १९८० सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती साफ फेंटाळून लाविली. तोच न्याय येथेंही आहे. परंतु न्यायालयांत दाद मागणाऱ्याचे स्वतःचे हात स्वच्छ असावे लागतात, असाही एक जुना दंडक आहे. आणि या खटल्यांत तर तो अक्षरशः लागू पडतो. ज्या इमारतींतील चाळीस घरें सहा महिने नेमानें कचरा निवडून देत आहेत, त्यांचा अर्ज कोणताही मुख्याधिकारी बाजूस सारूं शकणार नाहीं. ज्या इमारतींतून मिश्र पिशव्याच खालीं येतात, तिनें कोणत्या तोंडानें तक्रार करावी?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं नागपुरांत काळी व पिवळी मारबत निघते. गांवची रोगराई, इडापिडा घेऊन जाण्याची विनवणी करून लोक तिला अखेरीस जाळतात. वर्षांतून एक दिवस हें शोभतें. परंतु कचऱ्याच्या गाडीलाच रोजची मारबत मानून, ‘घेऊन जा’ एवढें म्हणून दार लावून घेण्याची जी वृत्ति बळावली आहे ती शोभत नाहीं. होळकरांच्या इंदुरांतही पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळांत पॅट्रिक गेडिस या नगररचनाकारानें दिवाळींत एक मिरवणूक काढविली होती. तींत अस्वच्छतेच्या राक्षसाची प्रतिमा जाळण्यांत आली खरी, पण शहर झाडणाऱ्या लोकांस शुभ्र पोषाखांत सन्मानानें त्याच मिरवणुकींत चालविलें होतें. त्याच इंदुरांत १९२४ नंतर अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं काडीकचरा, शेण, राख आणि माती यांचे थर रचून, पाणी शिंपून व मधून मधून उलथून सुमारें तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसविली. १९३१ सालीं त्यावरचा ग्रंथ निघाला आणि ‘इंदूर पद्धत’ या नांवानें ती जगभर गेली. उकिरड्याचाही बारा वर्षांनीं पांग फिटतो म्हणतात; इंदुरानें तो एका हंगामांत फेडून दाखविला. पुढें २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय पाहणींत हेंच शहर वर्षामागून वर्ष पहिलें आलें. २०२२ सालीं तेथें रोज ५५० टन ओला कचरा पचविणारा वायुनिर्मितीचा कारखाना उघडला. पण त्या कारखान्याचा पाया घरोघरच्या निराळ्या डब्यांवर आहे. प्लॅस्टिक मिसळलेला घास त्यालाही पचत नाहीं.

तेव्हां करावयाचें तें काय? ओल्या डब्यांत सालें, देठ, उष्टें, चहापत्ती आणि देव्हाऱ्यांतील निर्माल्य, पाणी निथळून. जागा असेल तेथें एक थर याचा व एक थर वाळक्या पानांचा, असा ढीग करावा. दुर्गंधि आली तर पानें वाढवावीं, मे महिन्यांत वाळूं लागला तर पाणी शिंपावें. सुक्या डब्यांत कागद, पुठ्ठा, कांच, धातु आणि प्लॅस्टिक. दुधाची पिशवी विसळून वाळवावी, आणि कापतांना कोपरा निराळा तोडूं नये. तो चिमुकला तुकडा कोणाच्याही हातीं लागत नाहीं व गाईच्या पोटांत किंवा नालींत जातो. रश्शानें भिजलेला कागद ही रद्दी नव्हे. फुटलेली कांच पुठ्ठ्यांत बांधावी. डायपर व पॅड वर्तमानपत्रांत गुंडाळून, लाल खूण करून, तिसरीकडे. आणि बॅटऱ्या, पारा असलेल्या नळ्या, जुनीं औषधें व सुया चौथीकडे. हीं महिन्यांतून एकदां दिलीं तरी चालतें. यास रोज किती वेळ लागतो? एक पान लावण्यास लागतो त्याहून अधिक नाहीं.

आमच्या व्यापारी वाचकांस तर हें त्यांच्याच भाषेंत सांगतां येईल. मालांत भेसळ झाली म्हणजे भाव उतरतो. स्वच्छ पुठ्ठ्यास गिऱ्हाईक आहे, चटणी सांडलेल्या पुठ्ठ्यास नाहीं. मिठाईवाले, भोजनालयें व मंगल कार्यालयें यांचा ओला कचरा तर एकाच जातीचा व भरपूर. त्याचें खत आवारांतच होऊं शकतें. महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं प्लॅस्टिकबंदी पुकारली, १ जुलै २०२२ पासून केंद्रानें एकदांच वापरावयाच्या कित्येक वस्तु बंद केल्या. तरी गल्ल्याखालची पातळ पिशवी अजून बाहेर येतेच. ती देणाऱ्या हातानें ती नालींतून उपसण्याचा खर्चही आपल्या वहींत मांडून पाहावा.

नगरपंचायतीकडे आमचें मागणें थोडें आहे. गाडींत निराळे कप्पे असावेत, गाडीची वेळ ठरलेली असावी, कामगारांस हातमोजे, बूट आणि वेळेवर वेतन मिळावें. आणि किती कचरा निराळा आला व त्याचें पुढें काय झालें, याचा हिशेब दर महिन्यास फलकावर लागावा. नव्या वस्तीस आपली भांडेवाडी होऊं न देण्याची संधि अजून आहे. जुन्या शहरास ती राहिली नव्हती. स्वराज्य आम्हीं मागितलें तें आमचा कारभार आमच्या हातीं असावा म्हणून. त्या कारभारांत आपल्या घरचा केर येतो. तो निवडण्यास परक्याचा हात लागत असेल, तर तेवढ्यापुरतें आमचें स्वराज्य अपुरें आहे.