शिक्का आपला, किल्ली कोणाकडे?

१ मार्च २०२४ रोजी गुगलने आपल्या ‘प्ले स्टोअर’मधून दहा भारतीय कंपन्यांची ॲप्स काढून टाकण्यास प्रारंभ केला. भारत मॅट्रिमोनी, शादी डॉट कॉम, नोकरी डॉट कॉम ही त्यांतील काही नावे. मुलाची नोकरी आणि मुलीचे स्थळ या मध्यमवर्गीय घरातील दोन चिंता आज ज्या ॲप्सच्या आधाराने वाहिल्या जातात, तीच ही ॲप्स. वाद शुल्काचा होता. या कंपन्या आमचे शुल्क भरत नाहीत, असे गुगलचे म्हणणे होते. हे शुल्क म्हणजे मक्तेदाराने लादलेला कर आहे, असे कंपन्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याआधी फेब्रुवारीत अंतरिम संरक्षण देण्यास नकार दिला होता. अखेर केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी हस्तक्षेप केला आणि काही दिवसांतच ही ॲप्स दुकानात परतली. वाद मिटला असे समजून आपण पुढच्या बातमीकडे वळलो.

परंतु त्या काही दिवसांत नेमके काय घडले होते, याचा विचार फारसा कोणी केला नाही. ज्यांच्या फोनवर ही ॲप्स आधीपासून होती, त्यांच्याकडून ती कोणी हिरावून घेतली नाहीत. ती चालत राहिली. बंद झाला तो त्यांचा ‘अपडेट’चा मार्ग. एखाद्या ॲपमध्ये त्या आठवड्यात सुरक्षेची त्रुटी सापडली असती, तर ती दुरुस्त करणारी नवी आवृत्ती तयार असूनही दुकानाच्या वाटेने ती ग्राहकापर्यंत पोहोचू शकली नसती. ॲप म्हणजे एकदा विकत घेतलेले भांडे नव्हे. ते सतत निगा मागणारे यंत्र आहे. ज्याच्या हाती निगेचा मार्ग, त्याच्या हाती यंत्राचे आयुष्य. म्हणूनच अधिकृत दुकानाशिवाय ॲप अद्ययावत करता येणे ही काही तंत्रवेड्या तरुणांची हौस नाही. तो राष्ट्रीय स्वावलंबनाचा प्रश्न आहे.

येथे एक मूलभूत गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. अँड्रॉइड फोन नवी आवृत्ती स्वीकारताना ती कोणत्या दुकानातून आली हे मुख्यतः पाहत नाही. तो शिक्का पाहतो. ॲप बनवणारा प्रत्येक आवृत्तीवर आपल्या गुप्त डिजिटल किल्लीने स्वाक्षरी करतो. जुन्या आवृत्तीवरची स्वाक्षरी आणि नव्या आवृत्तीवरची स्वाक्षरी जुळली, तरच नवी आवृत्ती जुनीच्या जागी बसते. न जुळल्यास फोन ती नाकारतो. शिवकाळातील पत्रव्यवहार ज्यांनी अभ्यासला आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही. पत्र खरे की खोटे, हे ते आणणाऱ्या जासुदाच्या पोशाखावरून ठरत नसे; आरंभीची मुद्रा आणि अखेरीचे मोर्तब यांवरून ठरे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आजही त्याच अर्थाने वापरतो. विश्वास शिक्क्यावर असतो, निरोप्यावर नसतो.

मग आज हा शिक्का कोणाच्या तिजोरीत आहे? ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर येणाऱ्या प्रत्येक नव्या ॲपच्या अंतिम स्वाक्षरीची किल्ली गुगलकडे ठेवणे बंधनकारक झाले. किल्ली हरवण्याचा धोका टळतो, हे यामागचे कारण सांगितले जाते आणि ते खोटे नाही. पण परिणाम काय झाला, तोही पाहा. पुण्यातील किंवा बंगळुरूतील एखाद्या उद्योजकाने गुगलनेच तयार केलेली किल्ली स्वीकारली आणि उद्या त्याचे ॲप दुकानातून हटवले गेले, तर त्याने आपल्या संकेतस्थळावर स्वतःच्या वेगळ्या किल्लीने ठेवलेली नवी आवृत्ती ग्राहकाच्या फोनवरील जुन्या ॲपवर बसणार नाही. शिक्के जुळणार नाहीत. ग्राहकाला आधी जुने ॲप काढून टाकावे लागेल आणि त्यासोबत फोनवर साठवलेली माहितीही जाईल. ग्रंथ आपण लिहायचा आणि मुद्रा दुसऱ्याच्या पेटीत ठेवायची, असा हा व्यवहार आहे. स्वतः तयार केलेली किल्ली जपून ठेवून तिची प्रत गुगलला देण्याचा पर्याय उपलब्ध आहे. तो न निवडणाऱ्या विकासकाने आपल्या ग्राहकाची दोरी आपणहून दुसऱ्याच्या हाती दिली, असेच म्हणावे लागेल.

भारतीय स्पर्धा आयोगाला या प्रश्नाची जाण नव्हती असे नाही. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने गुगलला १३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड ठोठावला. वृत्तपत्रांचे मथळे दंडावर अडकले. त्या आदेशातील खरे मोलाचे भाग दोन होते. दुसऱ्या कंपन्यांच्या ॲप दुकानांना प्ले स्टोअरमधून वितरित होऊ द्यावे, हा एक. दुकानाबाहेरून थेट ॲप देण्याच्या विकासकांच्या मार्गात अडथळे आणू नयेत, हा दुसरा. २९ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम केला आणि चार निर्देश रद्द केले. हे दोन्ही त्या चारांमध्ये होते. न्यायसंस्थेचा मान राखूनही विचारावेसे वाटते, की अब्जावधी डॉलर मिळवणाऱ्या कंपनीला दंडाची ही रक्कम अधिक जड होती, की ते दोन निर्देश? दंड एकदा भरला की संपतो. उघडे दार मात्र रोज मक्तेदारीला आव्हान देते.

आता त्या दारावर नवा पहारा बसवण्याचा बेत झाला आहे. प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ज्यांची ओळख गुगलने पडताळली आहे अशाच विकासकांची ॲप्स बसतील, मग ती कोठूनही घेतलेली असोत, असे गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड येथे आणि २०२७ पासून क्रमाने इतर देशांत, असे वेळापत्रक त्या घोषणेत होते. टीकेचा भडिमार झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये, जाणकार वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवू, असे सांगण्यात आले. मुक्त सॉफ्टवेअरची ॲप्स २०१० पासून विनामूल्य पुरवणाऱ्या ‘एफ-ड्रॉइड’ या प्रकल्पाने तर, हा नियम आपला अंत घडवील, असे स्पष्ट म्हटले. प्रश्न ओळख तपासण्याचा नाही. चोराची ओळख पटलीच पाहिजे. प्रश्न असा, की भारतीय विकासकाने भारतीय नागरिकाला थेट दिलेली वस्तू भारतीय फोनवर चालावी की नाही, याची परवानगी कॅलिफोर्नियातून का घ्यावी?

‘एवढी भीती कशाला? गुगल भारताशी असे कधी वागेल का?’ असे विचारणारे सज्जन आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी अलीकडचा इतिहास चाळावा. मे २०१९ मध्ये अमेरिकी सरकारने हुआवे या चिनी कंपनीवर निर्बंध घातले आणि तिच्या नव्या फोनमधून गुगलच्या सेवा व प्ले स्टोअर गेले. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियातील स्बेरबँकेची ॲप्स दोन्ही अमेरिकी दुकानांतून नाहीशी झाली. त्या बँकेच्या अँड्रॉइड ग्राहकांना बँकेच्या संकेतस्थळावरून ॲप घेता आले, कारण अँड्रॉइडला दुसरे दार होते. आयफोनवाल्यांना ते नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात रशियाने ‘रुस्टोअर’ हे स्वतःचे दुकान उघडले. आग लागल्यावर विहीर खणावी, तसे हे झाले. चीन वा रशिया यांचे येथे समर्थन करावयाचे नाही. त्यांच्या अनुभवातून शिकावयाचे आहे.

आणि भारत यातून सुटला आहे असेही नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांचे कारण होऊन गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने थांबवल्या. ते निर्बंध ना भारताचे होते, ना मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेचे. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर सेवा पूर्ववत झाल्या. तेथे ॲप दुकानाचा संबंध नव्हता, पण धडा तोच आहे. कळ ज्याच्या हाती, त्याच्या राजकारणाचे आपण आश्रित. आपल्याच सरकारने २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, तेव्हा राष्ट्रहितासाठी हे शस्त्र किती प्रभावी असते हे आपण पाहिले. ते योग्यच झाले. मात्र जे शस्त्र आपण योग्य कारणासाठी वापरले, ते दुसरा कोणी आपल्यावर वापरणार नाही, असे समजणे हा भाबडेपणा होईल.

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. लग्नाची पत्रिका, वाहतूक दंडाचे चलन किंवा बँकेची केवायसी या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते, ती उघडताच फोनचा ताबा चोरांकडे जातो आणि आयुष्यभराची पुंजी रिकामी होते. अशी प्रकरणे गावोगावी घडली आहेत. इंटरनेटवरून परस्पर घेतलेल्या ॲप्समध्ये प्ले स्टोअरच्या तुलनेत ५० पटींहून अधिक घातक ॲप्स आढळली, असे गुगलचे विश्लेषण सांगते. हा धोका नाकारणे बेजबाबदारपणाचे ठरेल. परंतु अधिकृत दुकान म्हणजे अभेद्य गड नव्हे, हेही तितकेच खरे आहे. ‘जोकर’ या नावाने ओळखल्या गेलेल्या फसव्या ॲप्सच्या कुळातील १७०० ॲप्स २०१७ पासून आपण दुकानातून हटवली, हे गुगलनेच जानेवारी २०२० मध्ये सांगितले होते. रस्त्यावर अपघात होतात म्हणून आपण वाहतुकीचे नियम शिकवतो. सर्व रस्ते एकाच टोलनाक्याच्या मालकाला बहाल करीत नाही.

तेव्हा प्रत्येक घराने काही नियम पाळावेत. संदेशातून, मग तो सख्ख्या भावाच्या क्रमांकावरून आलेला का असेना, मिळालेली एपीके कधीही उघडू नये. दुकानाबाहेरून ॲप घ्यायचेच असेल, तर ते बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे आणि तो पत्ता स्वतः टंकावा. सिग्नल, टेलिग्राम, व्हीएलसी यांसारखी अनेक ॲप्स अशा थेट मार्गाने मिळतात. सिग्नल तर आपल्या स्वाक्षरीचा ठसा संकेतस्थळावर जाहीर करते आणि पुढच्या आवृत्त्या स्वतःहून आणते. ज्या ठिकाणाहून ॲप प्रथम घेतले, तेथूनच ते अद्ययावत करावे. एफ-ड्रॉइडवरील बहुतेक ॲप्सवर त्या प्रकल्पाचा स्वतःचा शिक्का असतो. त्यामुळे दोन ठिकाणांची सरमिसळ चालत नाही. नवी आवृत्ती जुनीवर बसत नसेल, तर तेथेच थांबावे. तो फोनने दिलेला इशारा असू शकतो. ‘अनोळखी ॲप्स बसवण्याची परवानगी’ २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक ॲपला स्वतंत्रपणे द्यावी लागते. काम झाले की ती काढून घ्यावी. बँकेचे व्यवहार मात्र, बँक स्वतः दुसरा मार्ग देत नाही तोवर, दुकानातील ॲपवरच करावेत. सायबर जागृतीचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ‘एपीके म्हणजे विष’ एवढेच सांगून थांबू नये. खरा शिक्का कसा ओळखावा, हेही शिकवावे.

व्यक्तीच्या दक्षतेला शासनाच्या धोरणाची जोड हवी. सी-डॅकने विकसित केलेले शासकीय ‘मोबाइल सेवा ॲपस्टोअर’ आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? फोनपेने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी बारा भारतीय भाषांसह ‘इंडस ॲपस्टोअर’ सुरू केले. प्रयत्न आहेत, पण ग्राहक तेथे जात नाही, कारण नवा फोन उघडताच समोर एकच दुकान मांडलेले असते. शासनाचे आणि सार्वजनिक बँकांचे प्रत्येक ॲप किमान दोन मार्गांनी मिळाले पाहिजे. त्याची स्वाक्षरीची किल्ली भारतात, संबंधित संस्थेच्या ताब्यात असली पाहिजे आणि तिचा ठसा जाहीर झाला पाहिजे. युरोपीय संघाने कायद्याचा बडगा दाखवताच मार्च २०२४ मध्ये ॲपलसारख्या कंपनीने तेथील आयफोनवर इतर दुकानांना वाट दिली. जे सत्तावीस देशांचा संघ करू शकतो, ते १४० कोटींचा देश का करू शकणार नाही?

स्वदेशीच्या चळवळीत व्ही. ओ. चिदंबरम पिल्लई यांनी ओळखले होते, की माल आपला असून भागत नाही. तो वाहणारे जहाजही आपले हवे. १९०६ मध्ये त्यांनी स्वदेशी स्टीम नेव्हिगेशन कंपनी स्थापून तुतिकोरीन ते कोलंबो या मार्गावर ब्रिटिश कंपनीला आव्हान दिले. त्या कंपनीने भाडे पाडून त्यांना जेरीस आणले आणि १९०८ मध्ये सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. प्रवाशांना स्वस्त भाड्याची भूल पडली आणि जहाज बुडाले ते देशाचे. आजची भूल स्वस्ताईची नसून सोयीची आहे. एका बोटाने सर्व ॲप्स अद्ययावत होतात, मग दुसऱ्या वाटेची माहिती कशाला, असे आपल्याला वाटते. ती वाट रोज वापरण्याची गरज नाही. ती चालती राहिली पाहिजे आणि तिच्यावरून कसे जावे हे घरातील एकाला तरी ठाऊक असले पाहिजे. संकटाच्या दिवशी वाट शोधत बसण्यास अवधी मिळत नसतो.