आजीची वही

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) आपल्या खानदेशातल्याच शेतकरीण. अक्षरओळख नव्हती. तिसाव्या वर्षी वैधव्य आलं, पदरी तीन लेकरं. जात्यावर, शेतात काम करता करता गाणी जुळवायच्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी कानी पडली तेवढी उतरवून घेतली. बाई गेल्या, १९५२ साली त्या वहीचं पुस्तक झालं. जी उतरवली नाहीत, ती गेलीच.

आमची आजी चाळीसगावची. कापूस वेचताना बाबासाहेबांच्या ओव्या म्हणायची. ऐंशीच्या पुढं जगली. घरात शिकलेले आम्ही तिघं, वहीही होती. पण किराण्याच्या उधारीची! आज एकालाही पुरती ओवी येत नाही. थोरल्या आत्याला अर्ध्यामुर्ध्या आठवतात. येत्या रविवारी कोरी वही घेऊन तिच्याकडे निघालो आहोत.