लायसन गेले की चूल विझते

आमच्या भोकर तालुक्यात कितीतरी घरांची चूल गाडीच्या चाकावर पेटते. कुणी रिक्षा चालवतो, कुणी जीप, कुणी उसाचा ट्रॅक्टर. अशा घरात लायसन म्हणजेच सातबारा. म्हणून बंधू-भगिनींनो, पिऊन गाडी चालवणाऱ्याचे पुढे काय होते, ते नीट समजून घेऊ.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त दारू आढळली की गुन्हा होतो. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात; मात्र दोन तासांत डॉक्टरी तपासणी झाली नाही, तर सोडावे लागते. लायसन जप्त होऊन आरटीओकडे जाऊ शकते. त्याची पावती मागून घ्यावी. नुसत्या अटकेने लायसन कायमचे रद्द होत नाही. पण गुन्हा शाबीत झाला, तर कोर्टाला किमान सहा महिने अपात्र ठरवावेच लागते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा १५,००० रुपये, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अपात्र असताना गाडी चालवली, तर तो वेगळा गुन्हा.

सहा महिने रिक्षा दारात उभी. गाडीचा हप्ता आणि लेकरांची फी मात्र थांबत नाही.

पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ते शील गाडीची किल्ली हाती घेतानाही आठवावे. आणि मायमाउल्यांनो, घरधनी पिऊन आला, तर भांडू नका. आधी किल्ली ताब्यात घ्या.