हळदीचा अभिमान आणि हळदीची परीक्षा

श्रावणात आमच्या गोमंतकात पातोळ्या होतात त्या हळदीच्या पानांत. गूळखोबऱ्यास त्या पानाचा जो सुगंध लागतो तो अन्य कशानेही यावयाचा नाही. या घरच्या हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेतील एका विद्यापीठाने १९९५ साली पेटंट मिळविले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली आणि १९९७ साली ते रद्द झाले. परिषदेचे त्या वेळचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांचा जन्म आमच्या माशेल गावचा. हा अभिमान आम्हांसही आहे. परंतु तेवढ्यावरून हळद सर्व रोगांवर रामबाण आहे, असे जे हल्ली सर्रास सांगितले जाते, ते आम्हांस मान्य नाही.

आतड्याच्या दाहाचेच उदाहरण घेऊ. अल्सरेटिव्ह कोलायटिस या रोगात मोठ्या आतड्याच्या अस्तरावर व्रण पडतात व रक्तमिश्रित जुलाब होतात. रोग शमतो, पुन्हा उसळतो. आणि पुष्कळदा ऐन तारुण्यात गाठतो. जपानमधील डॉक्टरांनी २००६ साली या रोगाच्या ८९ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना रोज २ ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतील पिवळे द्रव्य, आणि इतरांना औषधविरहित गोळी असे सहा महिने दिले. अखेरच्या हिशेबात कर्क्युमिन घेणाऱ्या ४३ जणांपैकी २ जणांचा, तर दुसऱ्या गटातील ३९ पैकी ८ जणांचा रोग उलटला. आशादायक खरेच! मात्र दोन्ही गटांची नेहमीची औषधे चालूच होती. जाहिरातींतून नेमके हेच वाक्य गळते.

शिवाय हिशेब पाहा. हळदपुडीत कर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास. म्हणजे २ ग्रॅमसाठी सुमारे ६५ ग्रॅम हळद रोज खावी लागेल! दुधातल्या चिमूटभर हळदीने ते साधावयाचे नाही.

"वनस्पतीच ती, अपाय कसला?" असे म्हणणारांस आम्ही निळीची गोष्ट सांगू. निळीच्या जातीच्या वनस्पतींपासून चिनी वैद्यकात 'छिंगदाय' नावाचे चूर्ण करतात. जपानमध्ये ८६ रुग्णांवर त्याचा प्रयोग झाला. आठ आठवड्यांत, मात्रेनुसार, शंभरांत सत्तर ते ऐंशी रुग्णांस उतार पडला. निःसत्त्व गोळी घेणाऱ्यांत जेमतेम चौदांस. इतका गुण असूनही प्रयोग मध्येच थांबवावा लागला. कारण प्रयोगाबाहेरील एका रुग्णाने हेच चूर्ण स्वतः विकत आणून सहा महिने घेतले होते, आणि त्याच्या फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांतील दाब धोकादायक रीतीने वाढला होता. २०१६ च्या डिसेंबरात जपान सरकारने तसा इशारा दिला. जे द्रव्य आतड्यावर इतके जोरकस काम करते, ते शरीरात अन्यत्र निमूटपणे बसून राहील, ही अपेक्षाच मुळी भाबडी होय.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी असा रुग्ण असेल आणि तो गोळ्या सोडून चूर्णाकडे वळत असेल, तर ती चूर्णाची डबी घेऊन त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जावे. डॉक्टर रागावतील या भीतीने ती कपाटात लपवू नये.