काचेतला मात्स्यन्याय

घरातील काचेच्या पेटीत एका माशाने दुसऱ्याचे पर कुरतडले, किंवा रात्रीतून चार लहान मासे नाहीसे झाले, म्हणजे घरधनी ‘मात्स्यन्याय, दुसरे काय!’ एवढे म्हणून मोकळा होतो. सुशिक्षित घरांतून हा शब्द इतक्या सहजपणे उच्चारला जातो की, उच्चारणाऱ्याने कौटिल्य एकदा तरी उघडून पाहिला असेल की नाही अशी शंका यावी. अर्थशास्त्रात हा शब्द माशांची निंदा करण्यासाठी आलेला नाही. दंड धारण करणाराच जेथे आपले कर्तव्य करीत नाही तेथे बलवान दुर्बळाला गिळतो, असा त्याचा आशय आहे. म्हणजे आरोप राजावर आहे. आता काचेच्या पेटीतील राजा कोण? पाणी कोणी ओतले, कोणता मासा कोणाच्या शेजारी आणून सोडला, वरचे झाकण कोणी लावले? ज्याने हे सारे केले त्यानेच ‘मात्स्यन्याय’ म्हणून निर्दोष सुटावे, हा बचाव कोणत्याही न्यायासनापुढे टिकणारा नाही.

उदाहरणादाखल एंजल फिश घेऊ. आमच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत गोल्डफिशच्या खालोखाल याच माशाची वर्णी लागते, आणि अन्यायही याच्याच भोवती अधिक घडतो. त्याच्या नावाने पुष्कळ घोटाळा केला आहे. देवदूताचे नाव धारण करणारा प्राणी सात्त्विकच असणार, अशी भाबडी समजूत असते. (आपल्या भाषेत देवमासा म्हणजे काय हे ठाऊक असणाऱ्यांनी तरी नावावर इतका भरवसा टाकू नये!) हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील, ॲमेझॉन आणि तिच्या उपनद्यांच्या संथ पाण्यातला. शास्त्रात त्याची नोंद 1823 साली झाली. अंगावरचे उभे काळे पट्टे आणि तबकडी उभी धरावी तसे चपटे शरीर, ही त्याची बुडालेल्या फांद्यांत व मुळ्यांत लपण्याची साधने होत. आणि लपावयाचे ते केवळ शत्रूपासून नव्हे, तर भक्ष्यापासूनही. किडे, पाण्यातील बारीक जीव आणि लहान मासे हे त्याचे अन्न. तो सिक्लिड कुळातला. आपल्या खाजनांतील काळुंदर याच कुळातला. काळुंदराची जोडी आपल्या अंड्यांभोवती कसा पहारा देते आणि त्या वेळी परक्या माशाला कशी हुसकावते, हे खाडीकाठच्या माणसास सांगावयास नको. एंजल फिशचे गृहस्थजीवनही तसेच आहे. नर आणि मादी मिळून उभ्या पानावर किंवा पाटीच्या तुकड्यावर शेकडो अंडी घालतात, परांनी त्यांना वारा घालतात, आणि त्या दिवसांत जवळ येणाऱ्या प्रत्येकावर तुटून पडतात. हे दुष्टपण नव्हे, वात्सल्य आहे. परंतु नदीत हुसकावलेला मासा दूर निघून जातो; दीड हाताच्या पेटीत त्याने जावे कोठे? हरलेल्याला तेथे अपील नाही.

पेटी विकणारा दुकानदार मात्र ‘सगळे एकत्र राहतात, साहेब’ असे सांगतो. त्याचे खोटे असे की, त्या घटकेपुरते ते खरे असते. विकावयास ठेवलेला एंजल फिश रुपयाच्या नाण्याएवढा असतो, आणि त्याच्याबरोबर दिलेला निऑन टेट्रा जवळजवळ त्याच्याच जोडीचा दिसतो. निऑन वाढून वाढून तीन-साडेतीन सेंटिमीटरांचा होतो. एंजल फिश वर्षभरात तळहाताएवढा होतो. त्याची लांबी बारा-पंधरा सेंटिमीटर, आणि वरच्या पराच्या टोकापासून खालच्या पराच्या टोकापर्यंतची उंची वीस सेंटिमीटरांच्याही वर जाते. मग एके रात्री निऑनची संख्या घटू लागते. घरातील मुले रडतात, आणि वडील मंडळी माशाला विश्वासघातकी ठरवितात. विश्वास ज्याने निर्माण केला तो गल्ल्यापाशी बसलेला असतो.

याच्या उलट प्रकार टायगर बार्बचा. तो एंजल फिशहून लहान, म्हणून निरुपद्रवी असे आपण धरून चालतो. पण लोंबत्या परांना चावे घेण्याची त्याची खोड प्रसिद्ध आहे, आणि दोन-तीनच ठेवले तर ती अधिकच बळावते. एंजल फिशच्या पोटाखालचे दोन दोऱ्यासारखे पर प्रथम खुंटतात, मग मागचे झिजतात. तो कोपरा धरतो, अन्नाला येईनासा होतो, आणि जखमेवर कापसासारखी बुरशी धरते. गोल्डफिशचा दोष वेगळा. त्याला थंड पाणी मानवते आणि एंजल फिशला पंचवीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअसचे उबदार पाणी लागते. तेव्हा दोघांना एकत्र ठेवणे म्हणजे दोघांपैकी एकाला कायमचा आजारी ठेवणे होय. गप्पीला क्षारयुक्त, जड पाणी हवे, आणि तिची पिले तर सरळ भोजनच ठरतात. ‘काच साफ करतो’ म्हणून गळ्यात बांधला जाणारा सकर फिश हा सर्वांत कमी ओळखला गेलेला अपराधी आहे. बोटाएवढा म्हणून आणलेला हा मासा हातभर वाढतो, आणि भुकेला असला की रात्री चपट्या अंगाच्या माशांना चिकटून त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून खातो.

मग ठेवावे तरी कोण? तळाशी चरणारे कोरिडोरास सहाच्या घोळक्याने ठेवावेत. सकरच्या ऐवजी त्याचाच लहान चुलत भाऊ ब्रिसलनोज ठेवावा. टेट्रांपैकी अंगाने जरा उंच असे लेमन टेट्रा, किंवा शांत स्वभावाचा पर्ल गुरामी. स्वजातीयांचा प्रश्नही आहेच. एंजल फिश तीन ठेवले तर बहुधा दोघांची जोडी जमते आणि तिसऱ्याचा छळ होतो. त्याहून पाच-सहा पिले एकत्र वाढवावीत आणि जोडी जमल्यावर ती वेगळी काढावी. यासाठी पाण्याची खोली दीड फुटाहून कमी चालत नाही. एका जोडीला शंभर लिटर पाणी हे किमान झाले. दुकानात सर्रास मिळणारी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटी काठोकाठ भरली तरी साठ लिटरही होत नाही. पेटी ईशान्येस ठेवावी की उत्तरेस, याची तासभर चौकशी करणारे गृहस्थ मला ठाऊक आहेत. आत येणारा मासा उंचीला किती वाढणार, हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नव्हता.

वास्तविक हा प्रश्न आपल्या परंपरेला परका नाही. शतपथ ब्राह्मणात आणि पुढे महाभारताच्या वनपर्वात आलेली मनूची कथा सर्वांस माहीत आहे, परंतु आपण ती प्रलयाकडे डोळे लावून वाचतो आणि आरंभ विसरतो. मनूच्या हाती आलेल्या त्या इवल्या माशाचे पहिले मागणे कोणते? मोठे मासे लहानांना गिळतात, म्हणून मला सांभाळ. मनूने त्याला घटात ठेवले. घट अपुरा पडताच मोठ्या जलाशयात नेले. तोही अपुरा पडला तेव्हा शेवटी समुद्रात नेऊन सोडले. दोन गोष्टी त्याने केल्या. गिळणाऱ्यांपासून त्याला वेगळे राखले, आणि तो वाढेल तसे पात्र बदलले. मत्स्यावताराचे चित्र भिंतीवर आणि त्याखाली घुसमटलेली काचपेटी, हे दृश्य आमच्या किती घरांत आहे!

येथे कोणी विचारील की, ज्या समाजात शिवराकाचा वार सोडला तर ताटात नुस्ते हवेच, त्याने माशांच्या दयेच्या गोष्टी कशाला कराव्यात? आक्षेप चुरचुरीत आहे, पण उत्तर कायद्यातच आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमाने मनुष्येतर प्रत्येक जीवाला ‘प्राणी’ मानले, आणि अन्नासाठी केलेला वध, अनावश्यक यातना दिल्या नसतील तर, अपराधातून वगळला. त्याच अधिनियमाच्या अकराव्या कलमाने मात्र पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पात्रात प्राण्याला कोंडणे हा अपराध ठरविला. याच कलमात एक पोटकलम आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही: केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचे भक्ष्य होईल अशा रीतीने कोंडणे, हाही अपराधच. निऑन आणि वाढलेला एंजल फिश यांना एका पेटीत ठेवणाऱ्याविरुद्ध हे पोटकलम सिद्ध करणे अवघड जाईल, कारण तेथे हेतू लागतो, आणि अज्ञानी माणसाचा हेतू दुष्ट नसतो. परंतु परिणाम समजल्यावरही जो पुन्हा डझनभर निऑन आणून सोडतो, त्याच्याविषयी काय म्हणावे? पहिल्या अपराधाला या अधिनियमाने ठेवलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा. तेवढ्यात एक बरा मासाही येत नाही, तेव्हा कायद्याचे भय दाखविण्यात अर्थ नाही. मला भेद दाखवावयाचा आहे तो इतकाच की, बाजारातून आणलेला मासा अन्न असतो आणि पेटीतला मासा आश्रित असतो. आश्रिताला आपले घर सोडून जाता येत नाही.

आणि तो मेला म्हणजे? ‘घरावरचे अरिष्ट त्याने आपल्या अंगावर घेतले.’ याहून सोयीस्कर अंधश्रद्धा मी पाहिली नाही. नव्या पेटीत माशांच्या विष्ठेपासून अमोनिया साठतो. त्याचे रूपांतर करणारे सूक्ष्म जंतू जाळीत आणि वाळूत वस्ती करण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही पहिल्याच दिवशी दहा मासे सोडतो. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली गाळणी लख्ख धुतो आणि तेच जंतू मारून टाकतो. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात, तेव्हा आपण त्यात ग्रहदशा वाचतो. अरिष्ट बाहेरून आलेले नसते. ते आपणच बादलीने ओतलेले असते. मेलेल्या आश्रिताला उपकारकर्ता ठरवून पुढच्या रविवारी दुसरा आणावयाचा, हा व्यवहार धर्माच्या नावाने चालावा याची खंत देवळात जाणाऱ्यांनाच अधिक वाटावयास हवी.

ती वाटत नाही म्हणूनच शेवटचा प्रकार घडतो. पेटी नकोशी झाली, मासे भांडू लागले, सकर हाताएवढा झाला, की कोणीतरी सोमवारी किंवा एकादशीला ते सारे देवस्थानच्या तळीत सोडून येतो आणि जीवदान केल्याचे समाधान घेऊन घरी परततो. मनूनेही मासा पाण्यात सोडलाच ना, असे तो म्हणेल. मनूने मासा समुद्रात सोडला. ॲमेझॉनचा मासा आमच्या तळीत सोडला नाही. ज्या पेटीतील भांडण आपल्याला आवरले नाही तेच भांडण आपण देवाच्या पाण्यात नेऊन टाकतो, आणि तेथे ते वर्षानुवर्षे चालते. सकर फिश भारतातील अनेक जलाशयांत असाच पसरला आहे. तो काठात बिळे करतो, स्थानिक माशांचे अन्न संपवितो, आणि त्याच्या काटेरी परांनी कोळ्यांची जाळी फाटतात. पेटीतील रोगही पाण्याबरोबर तळीत जातात. नागेशीसारख्या ठिकाणी, जेथे पिढ्यान्‌पिढ्या लोक पायऱ्यांवर बसून तळीतल्या माशांना खाऊ घालीत आले, तेथे असे दान करणे म्हणजे त्या जुन्या आश्रितांवर नवे आक्रमण होय. तळी ही देवाची मालमत्ता आहे. तीत काय घालावे आणि काय घालू नये हे ठरविण्याचा अधिकार भाविकाच्या लहरीचा नव्हे, महाजनांचा आणि व्यवस्थापक समितीचा आहे. समित्यांनी हा अधिकार वापरावा. प्लॅस्टिक व निर्माल्य टाकू नये अशी पाटी जेथे लावली आहे, तेथेच तिच्याखाली पाळलेले मासे सोडू नयेत अशी एक ओळ वाढवावी, आणि वार्षिक सभेत ती ठरावाने पक्की करावी.

पेटी घेणाऱ्यांनीही दुकानातच एक अट घालावी: मोठा झालेला किंवा इतरांशी न जमणारा मासा दुकानदाराने परत घेतला पाहिजे. पैसे देण्यापूर्वी हे बोलणे व्हावे, आणि शक्य तर पावतीवर लिहून घ्यावे. दुकानदार तयार नसेल, तर त्याच्या ‘सगळे एकत्र राहतात’ या बोलण्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास नाही असे समजून रिकाम्या हातांनी परत यावे.