जमा केलेल्या बंदुकांना तेल कोण लावणार?

बारामती एमआयडीसीत माझं पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे. खिडक्यांच्या ग्रिल, फवारणी पंपाच्या फ्रेमा, शाळांची बाकं असा माल येतो. निवडणूक पार पडली की मात्र एखादा गडी गोणपाटात गुंडाळलेली बंदूक घेऊन उभा राहतो. बहुतेक इंदापूरकडचा ऊस बागायतदार असतो. वडिलांची बारा बोअरची दुनळी, लायसन आता त्याच्या नावावर. म्हणतो, "शेठ, गंज घासून काढा, काळा मॅट मारा आणि द्या भट्टी. आमच्या गेटला दिली तशीच." मी चहा पाजतो आणि बंदुकीसकट परत पाठवतो.

लोकांना वाटतं मी पोलिसांना घाबरतो. घाबरतोच, त्यात लाजायचं काय? १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्तीचा धंदा करायचा तर वेगळा परवाना लागतो. कलम ८ त्याहून कडक आहे. बंदुकीवर ठोकलेला नंबर किंवा कारखान्याचं नाव खोडलं, पुसलं, बदललं की गुन्हा. सँडब्लास्टिंगच्या माऱ्यात गंजाबरोबर उथळ अक्षरंही जातात. लायसनवर एक नंबर आणि नळीवर कोरी जागा, अशी बंदूक तपासणीला नेऊन पाहा.

पण कायदा बाजूला ठेवला तरी हे काम माझ्या भट्टीचं नाही. पुष्कळ जुन्या दुनळ्यांच्या दोन नळ्या आणि त्यांच्या मधली पट्टी शिसं-कथलाच्या डागाने जोडलेली असते. तो डाग १८३ अंशांच्या आसपास पाघळायला लागतो. माझी भट्टी चालते १८० ते २०० अंशांवर, नाहीतर पावडर वितळून धरतच नाही. म्हणजे नळी आत टाकताना अखंड, बाहेर काढताना पट्टी सुटलेली. शिवाय पावडरचा थर ६०-८० मायक्रॉनचा. गेटच्या बिजागरीला तो चालून जातो. बंदुकीची नळी जिथे मोडून परत बसते तिथे एवढा थर चढला तर ती बंदच होणार नाही.

बंदुकीसाठी भट्टीत भाजायचं कोटिंग असतं, नाही असं नाही. अमेरिकेतलं सेराकोट त्यातलं नावाजलेलं. चिनी मातीसारखे कडक कण मिसळलेला पातळ थर, सुमारे २५ मायक्रॉनचा, साधारण १२० अंशांवर दोन तास ठेवून पक्का करतात. डागाला धक्का लागत नाही, घामाने आणि दमट हवेने गंज चढत नाही. त्याआधी मात्र बंदूक पूर्ण उलगडावी लागते, तेलाचा अंश घालवावा लागतो, नंबर झाकून ब्लास्टिंग करावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नळीच्या आत गंजाने खड्डे पडलेत का, भिंत किती उरलीय, हे जाणकाराने आधी मोजायला हवं. वरून कोटिंग चकचकीत आणि आत खाल्लेली नळी, ती काडतुसाच्या दाबाने फुटली तर डावा हात जातो. म्हणून हे काम लायसनदार कारागिराचंच. माझी तक्रार एवढीच, की तो आमच्या तालुक्यांत शोधायचा कुठे?

आणि मुळात गंज चढतोच का? घरी असते तेव्हा म्हातारी माणसं दिवाळीला, पाडव्याला बंदूक उतरवून तेलाचा बोळा फिरवतात. उजनीच्या काठच्या दमट हवेतही तेवढ्यावर ती टिकते. वापर तसाही उरलेला नाही. उसात रानडुकरं शिरली तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय गोळी घालता येत नाही. शिकारीचा जमाना गेला ते बरंच झालं, सुप्याच्या मयुरेश्वर अभयारण्यातल्या चिंकारांना विचारा. तेव्हा घरात बंदूक म्हणजे बापाची आठवण आणि दर पाच वर्षांनी लायसनचं नूतनीकरण.

आचारसंहिता लागली की ही आठवण ठाण्यात जमा होते. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला आला. बंदुका परत मिळायच्या वेळेला पाऊस. पाठोपाठ १५ ऑक्टोबरला विधानसभेची घोषणा. दोनदा कोण हेलपाटा घालतो म्हणून काहींनी मधे सोडवूनच आणल्या नाहीत. माझ्याकडे आलेली एक दुनळी चामड्याच्या कव्हरातच जमा झाली होती. कव्हराने ओल धरली आणि नळीवर कव्हराच्या शिवणीची रेघ गंजात जशीच्या तशी उमटली होती.

खरं तर सरसकट सगळ्यांच्या बंदुका गोळा करा असं निवडणूक आयोगही म्हणत नाही. जिल्ह्यात छाननी समिती असते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले यांची प्रकरणं तिने तपासायची आणि कोणाची बंदूक जमा करायची ते ठरवायचं, अशी अपेक्षा आहे. पण गावात निरोप येतो तो सगळ्यांना एकच. निवडणुकीत बंदूक बाहेर नको, याला माझी हरकत नाही. आमच्याकडच्या निवडणुका मीही पाहिल्यात. मात्र सरकारने वस्तू ताब्यात घेतली की ती सांभाळणं हेही सरकारचंच काम. जमा करताना नुसत्या नंबराची पावती देऊ नका, नळीची आतली-बाहेरची स्थिती त्यात लिहा. गठ्ठा बांधून कोपऱ्यात टाकण्याऐवजी लाकडी घोडीवर उभ्या ठेवा. महिन्यातून एकदा मालकाला ठाण्यातच, हवालदाराच्या डोळ्यांसमोर, तेल लावू द्या. आणि वर्षातून एक दिवस जिल्हाधिकारी कार्यालयाने लायसनदार कारागीर तालुक्याला बोलवावा, म्हणजे लोक माझ्यासारख्या गेटवाल्याच्या दारात बंदूक घेऊन येणार नाहीत.

परिपत्रक निघेल तेव्हा निघेल. तोवर बंदूक जमा करताना चामड्याचं कव्हर घरीच ठेवा, नळीत तेलाचा हात फिरवा आणि पावतीवर नंबराशेजारी 'गंज नाही' एवढे दोन शब्द लिहून मागा. हवालदार कुरकुरेल, पण लिहून देईल.