सूर्याच्या भरवशावर सोडलेलं भंगार

लकडगंजात माझा सागवानाचा धंदा आहे. माल बल्लारशाहकडून येतो, त्यामुळे चंद्रपूरकडची बातमी पेपरच्या आधी ट्रक ड्रायव्हर आणतात. २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे सरकत गेले आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत जवळपास तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. आसपासच्या शिवारात गोळेही सापडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी ‘लाँग मार्च ३ बी’ रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा, असं अभ्यासकांनी सांगितलं. कुणाला लागलं नाही, म्हणून आपण विषय सोडून दिला. हे मला पटत नाही.

हे धूड वर्षभरानंतर खाली का आलं? प्रत्येक फेरीत पृथ्वीजवळ आलं की विरळ हवेला घासायचं, थोडा वेग गमवायचं. ही हवाही कायम सारखी नसते. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा लोंढा आला की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वादळ उठतं, ध्रुवांकडच्या उंच हवेतून मोठे विद्युतप्रवाह वाहतात, हवा तापते आणि वर फुगते. घासते ती मुख्यतः साधी, भार नसलेली हवाच. कण तिला तापवून वर आणतात. पावसाळ्यात चौकट फुगली की काल अलगद लागणारं दार आज घासतं, तसं. लाडबोरीच्या दोनच महिने आधी, मध्यम ताकदीच्या वादळात, स्टारलिंकचे ४९ पैकी ३८ उपग्रह असेच गेले. ते जेमतेम २१० किलोमीटरवर होते.

म्हणजे निकामी टप्पा ‘आपोआप पडेल’ म्हणून सोडायचा, तर त्याची तारीख सूर्यावर सोपवायची. आणि जागा? ही वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटर धावते. अंदाज दहा मिनिटांनी चुकला की साडेचार हजार किलोमीटरचा फरक.

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय कराराने जमिनीवरच्या नुकसानीची जबाबदारी उड्डाण करणाऱ्या देशावर टाकली आहे, पण ती नुकसान झाल्यावर. थोडं इंधन राखून टप्पा ठरवून समुद्रात उतरवण्याची अट उड्डाणाआधीच हवी. खर्च वाढेल; वाढू दे. आपणही साव नाही. २०२३ मध्ये आपल्या पीएसएलव्हीचा टप्पा पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागला होता. इस्रोने २०३० पर्यंत कचरामुक्त मोहिमांचं लक्ष्य जाहीर केलंय, ते पाळलं तरच चीनला जाब विचारता येईल.

तोवर निदान गावोगावच्या पोलिस पाटलांना एवढं तरी कळवा: आभाळातून असं काही पडलं तर कुणाला हात लावू देऊ नका, टाकीत विषारी इंधन उरलेलं असू शकतं.